मोतीरामदादाचा गोऱ्हा

सासरवाडीला पहिल्यांदा गेलो तेव्हा मी ज्या पेटीवर बसलो ती पेटी चालायला लागली.

लग्नानंतरची ती माझी वडनेर भोलजीची पहिली खेप. अंगणात माझ्यासाठी बाज टाकलेली होती, तिच्यावर नवी सतरंजी होती, उशाला तक्क्या होता. शहाण्या जावयानं तिथं बसावं. पण मी पडलो खामगावच्या शाळेतला ड्रॉइंग मास्तर. बाजेवर बसलं की पँटची इस्त्री मोडते, हे मला त्या वयात फार महत्त्वाचं वाटायचं. गोठ्याच्या भिंतीशी घोंगडी पांघरलेली एक ठेंगणी लांबट पेटी दिसली, तिच्यावर मी कपबशी सांभाळत ऐटीत बसलो. पहिला घोट घेतला आणि खालून घरघर ऐकू आली. मला वाटलं, पोटात गुरगुरलं. मग पेटी हलली आणि मला घेऊन सरळ म्हशीच्या दिशेनं निघाली. चहा इस्त्रीवर गेला. म्हैस उठून उभी राहिली. स्वयंपाकघराच्या दारात माझी नवी बायको कमल तोंडात पदर कोंबून उभी होती. आणि वरून, आकाशातून यावा तसा आवाज आला, "जावाईबापू, उतरू नोका! वजन पाह्यून राह्यलो!"

वर पाहिलं. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या कडेला एक माणूस पोटावर पालथा पडून खाली बघत होता. त्याच्या हातात लाकडी डबा, डब्याला दारावरच्या घंटीची दोन बटणं आणि वर आलेली एक तार.

"किती भरता?" त्यानं विचारलं.

मी घाबरून खरं वजन सांगून टाकलं.

"मंग घेते," तो समाधानानं म्हणाला. "डवरा तुमच्याहून हलका हाय."

हे माझे मोठे मेहुणे, मोतीरामदादा. आमच्याकडे लग्नकार्यात जेवणं आटोपली की कोणीतरी म्हणतंच, "मास्तर, ते पेटीचं सांगा." मी सांगतो. म्हैस जरा मोठी करतो, चहा जरा जास्त सांडतो. लोक हसतात आणि मी तिथंच थांबतो. पुढचं सहसा सांगत नाही.

दादा मूळचा शेतकरी आणि हौसेनं रेडिओ दुरुस्त करणारा. गावोगावी नुकते कुठं रेडिओ येऊ लागले होते. नांदुऱ्यापर्यंत कोणाचा रेडिओ मुका झाला की त्याला बोलावणं यायचं. असाच एका व्यापाऱ्याच्या घरी एरियलची तार बांधायला तो कडूनिंबावर चढला. फांदी मोडली. खाली पडल्यावर लोक धावले, तर हा पहिला शब्द बोलला तो, "बातम्या लागल्या का?" बातम्या लागल्या होत्या. दादाचे दोन्ही पाय मात्र कमरेपासून गेले ते गेलेच.

घर गावाच्या अगदी कडेला. मागच्या बाजूला पांधण, म्हणजे गाडीवाट, आणि पांधणीपलीकडे लगेच त्यांचं वावर, म्हणजे शेत. धाब्यावरून ते सगळं दिसायचं. म्हणून रोज सकाळी धाकटा भाऊ शालिग्राम दादाला पाठीवर घेऊन शिडीनं वर न्यायचा, ऊन चढलं की खाली आणायचा, ऊन उतरलं की पुन्हा वर. दादा वरून ओरडायचा, "शाल्या, तिकडल्या कोपऱ्यात तण माजलं बे! काऊन सोडलं?" शालिग्राम खालून हात हलवायचा. तो फारसा बोलत नसे. एकदा मी जावयाच्या उत्साहात म्हणालो, आज दादांना मी नेतो. दोन-तीन पायऱ्या चढलो आणि शिडी घट्ट धरून तिथंच अडकलो. पाठीवरून दादा शांतपणे म्हणाला, "ठेवा जी खाली. एकदा पडलो तेवढं पुरे झालं."

मी ज्याच्यावर बसलो होतो तो गोऱ्हा. गोऱ्हा म्हणजे अजून खांद्यावर जू न घेतलेला तरुण बैल, तसा हा यंत्राचा गोऱ्हा. आकार खरंच वासराएवढा. मोडीत निघालेल्या एका जीपची स्टार्टरची मोटार, ट्रकची बॅटरी, सायकलच्या साखळ्या. मागची दोन चाकं गावातल्या लोहाराकडून घडवलेली, लोखंडी, वर दात्यांची. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात कापूस घालून त्यात ट्रान्झिस्टर रेडिओचं काळीज बसवलेलं. दादा धाब्यावरून बटण दाबणार, हवेतून हुकूम जाणार, तो ह्या डब्याला ऐकू येणार आणि गोऱ्हा चालणार. एक बटण दाबलं की चाल, पुन्हा दाबलं की थांब. दुसरं बटण तोंड वळवायला. मला ही कल्पना दादानं तीनदा समजावली. तीनदाही मी मान हलवली.

"पाह्यू, घेते का," हे त्याचं पालुपद. नवा बैल जुंपताना शेतकरी म्हणतो तसं. चाकं बदलली, पाह्यू घेते का. साखळी आखूड केली, पाह्यू घेते का. मला दुसऱ्या जिलेबीचा आग्रह करायचा तेव्हाही हेच, आणि मी घ्यायचो.

गोऱ्ह्याला एक वाईट खोड होती. सरपंचांची फटफटी पांधणीनं गेली की तो आपोआप उठून चालायला लागायचा. फटफटीच्या ठिणगीचा आवाज त्याच्या डब्याला दादाचाच हुकूम वाटे. एकदा त्यानं असंच निघून कोंबड्यांचं खुराडं पाडलं. दादा म्हणाला, "सरपंचाचं सारेच आयकतात, हा तं बिचारा जनावर हाय." पोस्टमास्तर एकदा चौकशीला आले, कारण तेव्हा रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून लायसन काढावं लागे. "हा रेडिओच आहे ना?" त्यांनी विचारलं. "हाव जी," दादा म्हणाला, "पण गानं म्हनत नाई. वावरात जाते." पोस्टमास्तरांनी बराच वेळ गोऱ्ह्याकडे पाहिलं, चहा घेतला आणि गेले.

हे सगळं गमतीचं होतं, पण खेळ नव्हता. पांगळेपण मागं लागलेला माणूस काहीतरी छंद लावून घेतो असं गाव समजत होतं. मीही तसंच समजत होतो, जोवर एकदा गुढीपाडव्याला माझ्यासमोर घरात बोलणं निघालं नाही तोवर.

शालिग्रामला नांदुऱ्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटरची जागा मिळत होती. मालक पोळ्यापर्यंत वाट पाहायला तयार होता. सासरे म्हणाले, "शालिग्राम गेला तं वावर कोन करीन? मह्याच्यानं आता होत नाई. बटईनं देऊन टाकू." बटई म्हणजे कसणारा दुसरा, पीक अर्धं अर्धं.

दादा खाटेवर उठून बसला. "बटईनं देल्यावर मी कोन राह्यलो?"

"मालक राह्यला ना बे."

"मालक पटवाऱ्याच्या कागदावर असते, बाबा. शेतकरी वावरात असते." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "एवढी पऱ्हाटी मले करू द्या. गोऱ्ह्यानं डवरून दावतो."

डवरा म्हणजे उभ्या पिकाच्या दोन ओळींमधलं तण काढायचं अवजार. ते बैल ओढतात. दादाचं म्हणणं होतं, कपाशीच्या, म्हणजे आमच्याकडच्या पऱ्हाटीच्या, ओळींतून गोऱ्ह्यानं डवरा ओढून दाखवला तर वावर घरातच ठेवायचं. धाब्यावरून तो कसेल. पण ओळीच्या शेवटाला तेवढ्याशा जागेत गोऱ्ह्याला पुरतं वळता येत नव्हतं, तिथं उचलून फिरवायला माणूस हवा. बॅटरी भरून आणायला माणूस हवा. दादाला वर चढवायला तर हवाच. तेव्हा सासऱ्यांनी निकाल दिला तो सरळ होता. गोऱ्हा चालला तर शालिग्राम घरी राहील, वावर दादाचं. नाही चालला तर वावर बटईनं जाईल आणि शालिग्राम नांदुऱ्याला.

"शाल्या, तुहं काय म्हननं?" सासऱ्यांनी विचारलं.

"जे ठरन ते," शालिग्राम म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला.

श्रावणात पंचमीला लेकी माहेरी येतात, तशी कमल आधी गेली आणि मागून मी. पंचमीच्या दिवशी मातीला लोखंड लावत नाहीत, म्हणून परीक्षा दुसऱ्या दिवशी ठरली. त्याआधी चांगला पाऊस होऊन गेला होता, मग लख्ख उघडीप पडली होती. दादा सकाळपासून धाब्यावर, त्या दिवशी शेजाऱ्यांनी वर नेलेला. वावराकडे बघायचा, डबा उघडायचा, बंद करायचा. त्या दिवशी तो एकदाही कोणावर खेकसला नाही. मला म्हणाला, "मास्तर, वावर कसं दिसते?"

"सुंदर," मी म्हणालो. ड्रॉइंग मास्तर आणखी काय म्हणणार.

"वाळलं दिसते ना वरून?"

"अगदी," मी म्हणालो.

शालिग्राम सकाळच्या बसनं नांदुऱ्याहून भरलेली बॅटरी घेऊन आला तो थेट पांधणीवरच. चार जणांनी गोऱ्हा उचलून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नेला. मागं डवरा बांधला. कोणीतरी गोऱ्ह्याला हळदकुंकू लावलं. सरपंचांना निरोप गेला होता, फटफटी बंद ठेवा म्हणून. ते पायी आले. अर्धं गाव धुऱ्यावर उभं. माझं काम धाब्यावर, एरियलचा बांबू सरळ धरून उभं राहण्याचं. मला वाटतं, त्या दिवशी माझ्याइतकं सोपं काम कोणालाच नव्हतं, आणि ते मी नीट केलं.

"पाह्यू," दादा म्हणाला. बटण दाबलं.

गोऱ्हा धुऱ्यावरून वावरात उतरला आणि दोन ओळींच्या मधोमध चालू लागला. मागं डवरा मातीत शिरला. तण उपटून दोन बाजूंना पडायला लागलं. धुऱ्यावरची माणसं एकदम ओरडली, कोणी टोपी उडवली. मी दादाकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडं होतं आणि त्याचे दोन्ही हात डबा धरून असे पुढे झाले होते, जसे बैलामागं चालणाऱ्याचे डवऱ्याच्या मुठीवर असतात. तो चालत होता. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. त्याचे खांदे एकदा डावा, एकदा उजवा असे पुढे येत होते.

ते फार वेळ टिकलं नाही. गोऱ्हा मंदावला. दात्यांच्या चाकांना काळी माती चिकटत गेली, चाकावर चाक चढावं तसे मातीचे जाड गोळे झाले. मोटार किंचाळायला लागली. दादानं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. गोऱ्हा पोटावर बसला, जागच्या जागी चाकं फिरवत आणखी खाली गेला, आणि त्याच्या पाठीतून थोडा धूर निघाला.

"शाल्या!" दादा ओरडला. "खाली चिखल हाय का बे?"

शालिग्राम वावरात उतरून गोऱ्ह्याजवळ पोचला होता. त्यानं एक पाय वर करून दाखवला. पायाला माती लगडून उखळाएवढा गोळा झाला होता.

दादानं डबा बाजूला ठेवला.

पाऊस पडून गेल्यावर जमीन ओलीही नाही आणि कोरडीही नाही अशी होते, पायाखाली दबते पण पायाला धरत नाही. त्याला वाफसा म्हणतात. वाफसा नसताना आमच्या काळ्या मातीत कोणी बैल घालत नाही. बैल रुततो, जमीन बिघडते. धुऱ्यावरच्या प्रत्येक माणसाला हे आईच्या दुधाबरोबर माहीत. नंतर कळलं की एक म्हातारा तिथं म्हणालाही होता, "ओल हाय वाटते बे." त्याला दुसऱ्यानं गप्प केलं, "ते काय बैल हाय का बुढ्या, रुतायले? मशीन हाय!" मशीनला वाफसा लागतो हे कोणाच्या डोक्यात आलंच नाही. दादाच्याही नाही.

मी बांबू धरूनच होतो. म्हणालो, "दादा, चार दिवसांनी वाफसा आला की पुन्हा करू. गोऱ्हा चालला होता. सगळ्यांनी पाहिलं."

"गोऱ्हा चालला," तो म्हणाला. "गोऱ्ह्याले म्या नापास केलंच नाई."

"मग?"

"माहा बैल असता, तं म्या त्याले आज वावरात घातला असता का? सांगा ना. नसता घातला. पहिले उतरून पायानं पाह्यलं असतं." त्यानं आपल्या पायांकडे पाहिलं नाही, वावराकडेच पाहत होता. "वाफसा पायाले समजते, जावाईबापू. डोयाले नाई समजत. वरून वाळलेलंच दिसते. म्या वाळलेलं पाह्यलं अन् सोडून देला."

"खाली विचारायला माणूस ठेवू."

"दुसऱ्याले इचारून वावर करते त्यालेच मालक म्हनतात," दादा म्हणाला. "वावर आज नाई गेलं माह्या हातून. निंबावरून पडलो तवाच गेलं. मले आज समजलं, एवढंच." आणि मग, "शाल्याले हाक मारा. गोऱ्हा राहू द्या तिथं. पहिले मले खाली न्या."

मी पुष्कळ बोललो. मास्तर माणूस, मला धीर देता येतो असं मला वाटायचं. तो ऐकत होता, पण रेडिओवर आपल्याला न समजणारं स्टेशन लागावं तसा.

गोऱ्हा चार-पाच दिवस तिथंच रुतून होता. वाफसा आला तेव्हा पऱ्हाटी डवरायला बैल आले, त्यांनीच दोर लावून त्याला ओढून काढलं. पोळ्याआधी शालिग्राम नांदुऱ्याला गेला. पीक निघाल्यावर वावर शेजारच्याला बटईनं लागलं. शेजारी भला माणूस, पीकही चांगलं काढायचा. दादानं त्याला कधी काही विचारलं नाही. धाब्यावर ने असं तो पुन्हा कोणाला म्हणाला नाही. शालिग्राम सुटीला आला की आपणहून पाठ करून खाली बसायचा, दादा म्हणायचा, "राहू दे, ऊन हाय," नाहीतर, "राहू दे, वारं हाय." खाट मागच्या खोलीत गेली. तिला खिडकी होती, पण ती गल्लीकडे उघडायची. लोक रेडिओ घेऊन यायचे, तो म्हणायचा, "नांदुऱ्याले दाखवा."

आमच्या शाळेच्या वाचनालयात एकदा एक परदेशी मासिक आलं. त्यात रेडिओच्या हुकुमानं खडकांवरून, चिखलातून जाणाऱ्या मोटारीचं चित्र होतं. चाकं रबराची, रुंद, फुगीर. मला वाटलं, झालं, हेच कमी होतं. हेडमास्तरांच्या परवानगीनं मी ते मासिक घेऊन वडनेरला गेलो. दादानं चित्र नीट पाहिलं, डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

"चाकं चांगली हायत," तो म्हणाला. "हे काय करते?"

मी खालचा मजकूर वाचून सांगितला. मोटार काही करत नव्हती. लोक शर्यत लावत होते.

"खेळनं हाय," दादा म्हणाला. त्यात तुच्छता नव्हती. मासिक मिटून त्यानं माझ्या हातात दिलं. "पोराईले दाखवा शाळेत. खुश होतीन." आणि भिंतीकडे कूस वळवली. गोठ्यात गोऱ्ह्यावर कोंबड्या बसत होत्या.

त्यानंतर दादा काही वर्षं जगला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं जे होतं ते झालं. पाठीला जखमा झाल्या, ताप येऊ लागला. एका हिवाळ्यात तो गेला. शालिग्राम नांदुऱ्याहून बायको-मुलांना घेऊन आला होता. जाताना दादा काही बोलला का, असं लोकांनी मला विचारलं. मी होतो तिथं. तो काही बोलला नाही.

तेराव्याला जेवणं झाली, माणसं पान खात बसली, आणि कोणीतरी म्हणालंच, "मास्तर, ते पेटीचं सांगा." मी सांगितलं. म्हैस मोठी केली, चहा सांडला. लोक डोळे पुसत हसले. शालिग्रामही हसला. या वेळी मात्र मला तिथं थांबता येईना, म्हणून मी उठून हात धुवायला गेलो.

दुपारच्या बसनं आम्ही खामगावला निघालो. बाहेर दोन्हीकडे पऱ्हाटी फुटलेली होती. कमल खिडकीशी होती. मी आपलं बोलायचं म्हणून बोललो, "एवढं गाव धुऱ्यावर उभं होतं. वाफसा नाही, हे एकालाही कळू नये?"

घरी ती माझ्याशी माझ्यासारखं बोलते, पण तेव्हा माहेरच्या बोलीत बोलली.

"मले कळलं होतं. त्या दिवशी सकाळी तरोट्याची भाजी खुडायले गेलती वावरात. घोट्यालोक पाय रुतले माहे."

"मग दादाला सांगितलं का नाहीस?"

"शाल्यानं जिनिंगात घालायले खाकी कपडे शिवून आनले होते," ती म्हणाली. "कोठीत, ज्वारीखाली दडवले होते. मले एकटीले दाखवले." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "हिरीवर पाय धुतले अन् घरात आली. दोघंही माहेच भाऊ होते ना."